डोकं मॅडमचे दहा शब्द

“आता दहा शब्द सांगते. नीट ऐका. माझं झालं की तुम्ही म्हणायचे. क्रम चुकला तरी चालेल.”

कर्नल थत्तेंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. समोरच्या खुर्चीत माझे यजमान, नायक महिपती साळुंखे, बसल्या जागी सावधान होते. मी भिंतीलगतच्या बाकावर, मांडीवर आठ महिन्यांची रेवा. छावणीच्या दवाखान्यातली ती खोली एरवी बाळांना लस टोचायची. भिंतीवर बदक आणि ससा तसेच होते.

“कंदील,” मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. “ओढा.” पुन्हा थांबल्या. “शेवगा. दोरी. घंटा. मडकं. कापूस. पायरी. सुई. वादळ. हं, म्हणा.”

महिपतींनी घसा खाकरला आणि दहाच्या दहा म्हणून दाखवले. त्याच क्रमाने, हजेरी दिल्यासारखे.

मग मॅडमनी त्यांना फरशीच्या रेषेवरून चालायला लावलं, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं, डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला लावले. तिथं ते ऑगस्टला अडकले, पुन्हा सप्टेंबरवर गेले आणि हसले.

“उलटं चालायची सवय नाही मॅडम पलटणीला.”

“खरंय,” मॅडमही हसल्या. “बरं, ते मघाचे शब्द आठवतात का?”

“कंदील, ओढा, शेवगा, दोरी…” दहाच्या दहा.

“वा!” म्हणून मॅडमनी कागदावर आकडा टाकला. पण त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड मिटलं.

“साळुंखे, तुम्ही बाहेर बसा. तुमच्या मिसेसना दोन प्रश्न विचारते. बाळाला न्या हवं तर, त्यांना मोकळं बोलता येईल.”

महिपतींनी हात पुढे केले.

“नको,” मी म्हणाले. “तिला झोप आलीय.”

रेवा टक्क जागी होती. माझ्या पर्सचा बंद चघळत होती. महिपतींनी हात मागे घेतले, कडक सॅल्यूट ठोकला आणि बाहेर गेले. जाताना शीळ घालत होते. का घालणार नाहीत? सोमवारपासून फायरिंग रेंजवर सहा आठवड्यांचा कोर्स होता, त्यात ते उस्ताद म्हणून जाणार होते, आणि कोर्स संपला की हवालदारीची तिसरी फीत. मधे उरली होती ती एवढी एक चाचणी.

उस्ताद म्हणजे शिकवणारा. महिपती शिकवायचे रॉकेट लाँचर. खांद्यावर घेऊन रणगाडा फोडायचं नळकांडं. पलटणीत सगळे त्याला आरएल म्हणत. शिकणारा पोरगा दिवसाला चार-पाच बार उडवतो आणि जातो. उस्ताद मात्र प्रत्येक पोराच्या खांद्याला खांदा लावून गुडघ्यावर बसलेला असतो. पोरं बदलतात, उस्ताद तोच. पाच वर्षं महिपती त्या नळीच्या शेजारी बसत होते.

दार लागलं तसा मॅडमनी पेन खाली ठेवला.

“तुमचे ओठ हलत होते.”

“कधी?”

“गॅदरिंगमध्ये पोरगं स्टेजवर कविता म्हणत असतं ना, तेव्हा खाली आईचे हलतात. तसे.”

“मी ऐकत होते मॅडम. ऐकता ऐकता…”

“मी ‘ओढा’ म्हणून थांबले होते. तुम्ही ‘शेवगा’ म्हणून मोकळ्या झालात.”

मी रेवाच्या तोंडातून बंद काढला. तिनं परत घातला.

“सहा वर्षं,” मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. “सहा वर्षं हेच दहा शब्द. बदलता येत नाहीत, नाहीतर जुनं नव्याशी ताडून बघता येत नाही. सहाशे माणसं तपासली. आणि आकडे काय सांगतायत माहितीये? ज्यानं जास्त बार उडवले, त्याची स्मरणशक्ती जास्त चांगली. मी डोकं धरून बसायची. दिल्लीला एक साहेब मला म्हणाले, डॉक्टर, तुमचं ते रॉकेट म्हणजे च्यवनप्राश दिसतो.”

त्या एकट्याच हसल्या. छावणीत त्यांना ‘डोकं मॅडम’ म्हणत. वर्षातून दोनदा मोठ्या इस्पितळातून यायच्या, दोन ट्रंका कागद घेऊन. पुरुष त्यांची नक्कल करायचे. नाकाला बोट लावून एकमेकांना विचारायचे, काय राव, मेंदू आहे का जागेवर?

“कुणी शिकवलं ते मला नको,” त्या म्हणाल्या. “घरी कसे असतात एवढं सांगा.”

“चांगले असतात.”

“विसरतात?”

“नाही.”

“एकदम चिडतात? ओळखीची वाट चुकतात?”

“नाही. नाही.”

त्यांनी तिन्ही ठिकाणी ‘नाही’ लिहिलं. मग म्हणाल्या, “तुमचं शिक्षण?”

“बी.एस्सी. प्राणिशास्त्र.”

“मग तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी कॅप्टन होते तेव्हाची गोष्ट. वर, बर्फात. एक जवान आला. बंकरशेजारी गोळा पडला होता. अंगावर रक्ताचा थेंब नाही, ओरखडा नाही. म्हणाला, फिट लिहा मॅडम, पलटण वाट बघतेय. मी लिहिलं. चार दिवसांनी पहारा संपवून खाली येताना तो रोजची पायवाट सोडून उलट दिशेला चालत गेला. भर दुपारी. लख्ख ऊन होतं.”

“मग?”

“मग काय! त्या कागदावर सही माझी आहे.” त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. “तुम्ही घरी विरजण लावता ना? ते भांडं कुणी दिवसातून वीस वेळा हलवलं तर? भांड्याला काही होत नाही. फुटत नाही, पोचा येत नाही. आत दही काही लागत नाही.”

मी सही केली. ‘कुटुंबाची तक्रार नाही’ अशा छापील ओळीखाली. बाहेर आले तर महिपती बुटाच्या टोकानं एका खड्याशी खेळत होते.

“काय म्हणाली डोकं मॅडम?”

“काही नाही. विरजणाचं सांगत होत्या.”

“बघ! डॉक्टर असली तरी बाईच,” ते म्हणाले, आणि वाटेत अर्धा किलो जिलेबी घेतली.

ते शब्द आमच्या घरी आले होते सिंधू वहिनींकडून. सिंधू वहिनी म्हणजे सुभेदार निकमांच्या पत्नी. क्वार्टर्समधल्या चाळीस घरांची सासू. कुणाच्या पोटात दुखलं तरी ओवा त्यांच्याकडचा. चाचणीची तारीख लागली की त्या वहीच्या कागदाची चौकोनी घडी नव्या बाईच्या हातात ठेवायच्या. “पोरांचे पाढे घेतेस तसं घ्यायचं. नापास झाला की मेडिकल कॅटेगरी गेली, कॅटेगरी गेली की बढती गेली.” ते खोटंही नव्हतं. सहा वर्षांपूर्वी, पहिल्याच चाचणीत, एक लान्स नायक चार शब्द विसरला होता, तो आजतागायत स्टोअरमध्ये बूट मोजत बसला होता. तेव्हापासून सगळ्या बायका आपापल्या नवऱ्याचे शब्द घ्यायच्या, आणि नळावर एकमेकींना सांगायच्या. आमच्याला येतात हो धडाधडा. आमचा सुईवर अडतो मेला. सगळ्यांना ती गंमतच वाटायची. मीही घेतले. भाजी निवडताना घेतले, रेवाला तेल लावताना घेतले.

आणि चाचणीच्या नऊ दिवस आधी महिपती रेवाला कँटीनमध्ये विसरून आले.

मंगळवार होता. मला ताप होता म्हणून मी तिला त्यांच्या कडेवर दिलं. ते तासाभरानं आले. साखर आणली होती, साबण आणला होता, तेलाचा डबा आणला होता. मी अनवाणी पळाले. रेवा काउंटरवरच्या बाईच्या मांडीवर बसून बिस्किट खात होती. ट्रॉलीत होती म्हणे. बाई म्हणाली, वाटलं येतील आत्ता.

महिपतींनी माझे हात धरले. “कुणाला सांगू नकोस. गर्दी होती, डोक्यात कोर्सचं होतं. होतं माणसाचं.”

मी सांगितलं नाही. शब्द घेणं मात्र थांबवलं नाही. दहा आले की सगळं ठीक आहे, असं माझ्या मनानं घेतलं होतं. फक्त त्या दिवसापासून रेवाला मी त्यांच्या हातात दिली नाही. त्यांना दाखवून नाही. कधी तिला भूक लागलेली असायची, कधी झोप आलेली असायची.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, महिपती ट्रंक भरायला बसले. मी दारात उभी राहिले.

“जाऊ नका ना ह्या कोर्सला.”

“का गं?”

“तब्येत बरी नाही सांगा.”

“कुणाची? दहापैकी दहा घेतलेत मी. मास्तरीण तू, आणि पास झालो तर तूच तोंड पाडतेस होय?”

“मी घेतलेत ते दहा. तुम्ही नाही.”

ते घडी घातलेला शर्ट उलगडून पुन्हा घालू लागले. तिसऱ्यांदा.

“मॅडमना सगळं सांगून येऊ या का?” मी म्हणाले. “दोघं जाऊ.”

“आणि काय सांगायचं? नायक साळुंखेचं डोकं फिरलंय, त्याला बूट मोजायला बसवा?” आवाज चढला. रेवा दचकली. “तेरा वर्षं झाली मला. गावात आई सगळ्यांना सांगून बसलीय, दिवाळीला हवालदार येणार म्हणून. पोरं मला उस्ताद म्हणतात, उस्ताद! तुला काय कळतंय त्यातलं? बारची भीती वाटती तुला, म्हणून मी घरात बसू?”

“रेवाला—”

“एकदा!” त्यांनी ट्रंकेचं झाकण आपटलं. “एकदा झालं ते. जन्मभर तोंडावर मारणार आहेस का?”

तेवढ्यात सिंधू वहिनी आल्या. हातात वाटीभर लोणचं, पण पायरीवरूनच कळलं की लोणच्यासाठी आल्या नाहीत. क्वार्टर्सच्या भिंती पातळ. महिपती उठून मागच्या अंगणात गेले.

“काय बोलत होती काल थत्तीण तुझ्याशी एवढा वेळ?”

“काही नाही वहिनी.”

“काही नाहीला पंधरा मिनिटं लागत नाहीत.” त्या पाटावर बसल्या. “हे बघ पोरी, तू शिकलेली आहेस. मी सातवी. पण एक सांगते. ती बाई येणार, कागद भरणार, जाणार. तिचं नाव होणार. आपल्या माणसांच्या अंगावरची वर्दी जाईल, तिचं काय जाईल?”

“तिचंही जातंय, वहिनी. सहा वर्षांचं काम—”

“कागद गेले तर कागद येतात.” त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. “एकीनं तोंड उघडलं ना, तर चाळीस घरांत चूल विझेल. उद्या मीटिंगला ती येणार आहे. समोशावर ध्यान ठेव, बाईवर नको.”

“आणि उद्या उठून काही झालं म्हणजे?”

“काय व्हायचंय? फौजीची बायको आहेस. धीर धरायला शीक. आम्ही नाही का धरला?”

मी त्यांना विचारणार होते, कसला धरला? पण त्या उठल्या होत्या.

शनिवारी दुपारी बायकांची महिन्याची मीटिंग. हॉलमध्ये पंखे, सतरंज्या, मागच्या टेबलावर समोसे आणि चहाचं पिंप. कर्नल थत्ते साध्या सुती साडीत आल्या होत्या. वर्दी नव्हती म्हणून आधी कुणी उठलंच नाही. खुर्ची न घेता त्या सतरंजीच्या कडेला बसल्या आणि कागद काढला.

“तुमच्याकडे तक्रार घेऊन आलेय असं समजू नका. चारच प्रश्न. ज्यांच्या घरी माणूस हल्ली विसरायला लागलाय त्यांनी हात वर करा.”

एकही हात नाही.

“एकदम संताप येतो, असं?”

“मॅडम, संताप तर सगळ्यांनाच येतो,” मागून कुणीतरी म्हणालं. “त्याला रॉकेट कशाला लागतंय? भाजीत मीठ कमी पडलं तरी पुरतं.”

हॉल हसला. सिंधू वहिनी पहिल्या रांगेत; त्यांनी वळून बोलणारीकडे कौतुकानं बघितलं. मॅडमनी दुसरी खूण केली. तिसरा प्रश्न वाचला. हात नाही. त्यांच्या कपाळावर चष्मा होता आणि त्या कागदाकडे तशाच बघत होत्या. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नसणार, हे माझ्या लक्षात आलं. त्या वाचत नव्हत्याच. प्रश्न त्यांना पाठ होते, आणि उत्तरंही.

परवा सोमवार होता.

मी उठले. रेवा कडेवर होती, तिचा भार एकाएकी दुप्पट झाल्यासारखा वाटला.

“माझे यजमान अकरा दिवसांपूर्वी मुलीला कँटीनमध्ये विसरून आले.”

समोसे वाटणारीचा हात थांबला.

“प्रणिता,” सिंधू वहिनी मागे न वळता म्हणाल्या, “पोरगी रडतीय. बाहेर घेऊन जा.”

“रडत नाहीये ती, वहिनी.”

“गडबडीत होतं असं कुणाकडूनही,” कुणीतरी समजूत घातली.

“गडबडीत होतं,” मी म्हणाले. “मीही तेच म्हणत होते. पण मी दारात विचारलं, रेवा कुठंय? तर ते माझ्याकडे बघून म्हणाले, कोण रेवा?”



“चिडून नाही म्हणाले. चेष्टेत नाही. पाव्हण्याला विचारावं तसं विचारलं. साखरेची पिशवी हातात होती.”

“बस खाली,” सिंधू वहिनी उभ्या राहिल्या. “घरातलं उष्टं चव्हाट्यावर मांडतीस? लाज नाही वाटत?”

“मांडते. आणि अजून एक. मॅडम, काल-परवा त्यांना दहापैकी दहा मिळाले, ते खोटे आहेत. ते शब्द मी पाठ करून घेतलेत.”

हॉलमध्ये असा एक आवाज झाला, जसा तव्यावर पाणी पडल्यावर होतो.

“एक अक्षर पुढं बोलू नकोस.”

“तुमचं कुणाचं नाव घेत नाही मी वहिनी, माझं सांगते. मीच घेतले. रोज. सकाळ-संध्याकाळ.” मी रेवाला सावरलं. “आणि एकवीस दिवस लागले. दहा शब्दांना एकवीस दिवस! लग्न झालं त्या वर्षी ह्याच माणसाला प्लाटूनमधल्या बत्तीस जणांचे नंबर तोंडपाठ होते. कोण कुठल्या गावचा, गावाला शेवटची एसटी कधी, सगळं. आता कंदील म्हटलं की ओढा आणायला चार दिवस गेले माझे.”

मॅडमनी चष्मा खाली घेतला.

“काय म्हणालात? किती दिवस?”

“एकवीस.”

“मोजलेत?”

“लसीच्या कार्डावर खुणा केल्यात. रेवाच्या.”

त्यांनी हातातला छापील कागद पालथा केला. पाठीमागची बाजू कोरी होती.  मग मान वर केली आणि सगळ्या हॉलला म्हणाल्या, “विसरतात का ते नका सांगू. शब्द कुणी दिले तेही नका सांगू. कुणावर कारवाई होणार नाही, हा माझा शब्द. फक्त एवढंच सांगा. तुमच्या माणसाला पाठ व्हायला किती दिवस लागले?”

 मग पल्लवीला राहवलं नाही. नवीनच लग्न झालं होतं तिचं.

“आमच्या ह्यांना अर्ध्या तासात आले, मॅडम.”

“काय काम करतात?”

“क्लार्क आहेत. ऑफिसात.”

“आमच्याला एक संध्याकाळ,” दुसरी म्हणाली. तिला पल्लवीपुढं हार जायचं नव्हतं. “ड्रायव्हर आहेत.”

“आमचे दोन दिवस. पण ते मुळातच आळशी.”

“कुठे असतात?”

“कुकहाउसला.”

पुन्हा थोडं हसू झालं. आकडे येत राहिले. एक, दोन, दीड. बायका एकमेकींवर कुरघोडी करत होत्या, नळावर करायच्या तशाच. मॅडम खाली मान घालून लिहीत होत्या. आणि मग खिडकीजवळून, तोंडावर पदर धरून, माझी शेजारीण मंगल म्हणाली, “सतरा.”

“काय करतात?”

“आरएल.”

हसू थांबलं.

“बारा,” मागून एक आवाज आला. “आरएल. तीन वर्षं झाली.”

“आमचे पंधरा झाले, मग मी नाद सोडला. आरएलच.”

मॅडमनी काही समजावून सांगितलं नाही. गरजच नव्हती. बायका आपोआप एकमेकींकडे बघायला लागल्या. जिच्या नवऱ्याला अर्धा तास लागला ती पल्लवी रडकुंडीला आली होती. आपण काय बोलून बसलो असं तिला झालं असावं.

“आणि तुमच्या साहेबांना, वहिनी?” मॅडमनी हळूच विचारलं.

सुभेदार निकमांनी महिपतींच्या आधी अकरा वर्षं आरएल शिकवलं होतं. सिंधू वहिनींनी पर्स उचलली, पदर खांद्यावरून पुढं घेतला.

“आमच्या साहेबांचं लिहू नका,” त्या म्हणाल्या. “ते रिटायर व्हायला आलेत.”

आणि चपला न घालता, हातात घेऊन बाहेर गेल्या.

ह्याला आता चौदा वर्षं झाली. कर्नल थत्तेंनी आपल्या सहा वर्षांच्या आकड्यांवर स्वतःच्या हातानं काट मारली आणि वर कळवलं की हे सगळं खोटं आहे, चूक माझी आहे, आता मी पहिल्यापासून मोजणार. पुढच्या बढतीची यादी त्यांच्याशिवाय लागली. त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं, “बघा प्रणिता, मीही नापास.” मग खो खो हसल्या. नवीन मोजणीत त्यांनी माणसांच्या आधी बायकांना, आयांना विचारायला सुरुवात केली. आमच्या छावणीत पुढं उस्तादाला दिवसाकाठी किती बार, ह्याची मर्यादा लागली. ती अजून आहे. पल्लवीच्या धाकट्या दिरानं सांगितलं; तोही आता आरएल शिकवतो.

मला विचाराल तर त्यातलं काहीच मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मला माहीत होता तो फक्त सोमवार.

रविवारी संध्याकाळी हुकूम आला होता. नायक साळुंखे पुढील तपासणीपर्यंत रेंजवर जाणार नाही. महिपतींनी कागद वाचला, घडी घातली, परत वाचला.  सोमवारी पहाटे उठले, दाढी केली, वर्दी चढवली, पट्टा आवळला आणि ट्रंक घेऊन व्हरांड्यात उभे राहिले. ट्रक आला. पोरं मागे बसली होती. एकानं हाक मारली, “उस्ताद!” ड्रायव्हरनं त्याला काहीतरी सांगितलं, आणि पोरगं एकदम दुसरीकडे बघायला लागलं. ट्रक निघून गेला. धूळ बसली तरी महिपती उभेच.

“पाच वर्षांत पहिल्यांदा,” शेवटी ते म्हणाले, “रेंज माझ्याशिवाय उघडणार.”

“उघडू दे.”

“तू मला बायकांत नागडं केलंस, प्रणिता.”

“हो.”

“तुला काहीच वाटत नाही?”

“वाटतं. परत वेळ आली तर परत करीन.”

ते माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे लाल होते आणि मला क्षणभर वाटलं, आता हात उठतोय. मी रेवाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि जागची हलले नाही. तेही हलले नाहीत. मग ट्रंकेवर बसले.

नऊ वाजता पहिला बार झाला. रेंज टेकडीपलीकडे, सहा किलोमीटरवर. खिडकीची काच जराशी वाजली.

“एक,” महिपती म्हणाले.

दिवसभर ते ट्रंकेवरून उठले नाहीत. मी भाकरी नेऊन ठेवली, ती तशीच राहिली. धुणं वाळत घालताना, रेवाला भरवताना, भांडी घासताना मी प्रत्येक बार ऐकत होते. ते पुटपुटत होते, मी मनात मोजत होते. दुपारनंतर त्यांचे ओठ मधेच थांबायचे आणि मागचाच आकडा पुन्हा घ्यायचे.

साडेपाचला रेंज बंद झाल्याचा भोंगा झाला. मी व्हरांड्यात गेले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

“एकतीस झाले आज,” ते म्हणाले. “माझ्याशिवाय एकतीस.”

“बेचाळीस,” मी म्हणाले.

त्यांनी झटकन वर बघितलं.  बोटांवर काहीतरी मोजायला गेले आणि तिसऱ्या बोटाशी थांबले.

“बेचाळीस झाले,” मी पुन्हा सांगितलं. “त्यातला एकही तुमच्या डोक्यातून गेला नाही. उद्याही जाणार नाही. जा, बूट काढा आणि जेवायला या.”